दुधी काचेवरची उभी रेघ

५ तारीख, मंगळवार

धाकटीने आतूनच ओरडून सांगितलं, "दादा, दार उचलून ढकल! नुसतं ढकललंस तर संध्याकाळपर्यंत बाहेर उभा राहशील." मी उचललं, ढकललं आणि कॅमेऱ्याच्या पेटीसकट जवळजवळ तिच्या अंगावरच गेलो. तीन जिने चढून धापा टाकणाऱ्या थोरल्या भावाचं हे स्वागत! ती हसत सुटली. नवरा गेला, केस पांढरे झाले, पण हसणं अजून शाळेच्या पायरीवर बसलेल्या मुलीचंच आहे.

शहराच्या या जुन्या भागातले चौक, गल्ल्या, दगडी इमारती यांचं फोटोंचं पुस्तक करायचं, हे माझं म्हातारपणीचं खूळ. प्रकाशक "बघू" म्हणालाय. प्रकाशकाच्या तोंडून "बघू" निघालं म्हणजे फार झालं.

दुपारभर खिडकीत बसलो. चौकापलीकडे एक लांबलचक इमारत आहे. तिच्या खिडक्या पाहा: एक अरुंद, दोन रुंद, एक अरुंद, दोन रुंद. असं चार वेळा. लघु गुरू गुरू, लघु गुरू गुरू... अरे, हा तर भुजंगप्रयात! कुणा गवंड्याने दगडात वृत्त बांधून ठेवलंय. शाळेत गुरुजी टेबलावर बोटांनी ठेका धरायचे तो कानात वाजायला लागला. धाकटी मशिनीवरून मान न उचलता म्हणाली, "खिडक्या मोजतोयस की कविता म्हणतोयस?" दोन्ही, म्हणालो.

तिचं घर लहान पण नेटकं आहे. शिवणाच्या मशिनीच्या दोन पायांखाली लाकडाच्या चकत्या, टेबलाखाली पुठ्ठ्याची घडी, पलंगाखाली विटेचा तुकडा. सगळं गल्लीच्या बाजूने. आमच्या आईलाही ही सवय होती, हाताला लागेल ते कशाखाली तरी सारून ठेवायची. पाहून डोळे भरून आले.

६ तारीख, बुधवार

कालच्या हसण्याआड केवढं दडलं होतं! आज कळलं.

खाली चष्म्याच्या दुकानात सगळे राहणारे जमले. पुढारपण दुसऱ्या मजल्यावरच्या वकीलसाहेबांकडे. हे गृहस्थ वकील नाहीत, वकिलाकडे टंकलेखक होते. पण बोलणं असं की खुद्द वकिलाने घाबरावं. पालिकेची नोटीस आली आहे: इमारत गल्लीच्या बाजूला कललेली असून राहण्यास धोकादायक आहे, रिकामी करावी. हरकतीची सुनावणी पुढच्या आठवड्यात, गुरुवारी. ती हरलो तर सगळे रस्त्यावर.

"एकदा बाहेर पडलो की परत आत कोण घेतो?" वकीलसाहेब म्हणाले. "मालकाच्या पुतण्याला इथे काचेचा मनोरा उभा करायचाय. कललेली म्हणे! अहो, कलली असती तर मला सकाळी चालताना झोक गेला नसता का?"

"तुमचा झोक संध्याकाळी जातो, तो कशाने?" चष्मेवाले म्हणाले. त्या ताणातही सगळे हसले.

पालिकेची अभियंता एक तरुण बाई आहे. जिन्यातल्या भेगेवर तिने बोटाएवढी काचेची पट्टी आडवी चिकटवून तिच्यावर तारीख घातली आहे. भिंत हलली तर काच तडकते. येता-जाता सगळे त्या पट्टीकडे असे बघतात, जणू घरात कुणी हेर बसवलाय.

मग वकीलसाहेबांनी मला गाठलं. "दादासाहेब, साहेबलोक आकडे वाचत नाहीत, चित्रं बघतात. आमच्या इमारतीचे असे फोटो काढा की बोलती बंद."

वर आल्यावर धाकटी म्हणाली, "माझी सगळी गिऱ्हाइकं या चार गल्ल्यांतली. दुसरीकडे कोण मला शर्टाची झिजलेली कॉलर उलटवायला देणार?"

"माझ्याकडे ये की."

"तुझ्याकडे? तू स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखा राहतोस, साखरेचा डबा कुठे ते तुला माहीत नसतं." मग मशीन थांबवून अगदी हळू, "मला इथून हलवू देऊ नकोस, दादा."

शब्द दिला.

८ तारीख, शुक्रवार

ऊन तिरपं होतं, दगडाचा कण न् कण बोलत होता. समोरच्या पायऱ्यांवर तिपाई लावली आणि डोक्यावर काळा कपडा घेतला.

माझा कॅमेरा जुना, भात्याचा. मागच्या दुधी काचेवर चित्र उलटं पडतं, आभाळ खाली आणि रस्ता वर. साध्या कॅमेऱ्याने इमारतीचा फोटो खालून घेतला की ती वर निमुळती होते, मागे रेलते. माझ्या कॅमेऱ्यात लेन्सची पाटी वर सरकवता येते, मग ती ताठ उभी राहते. काचेवर पेन्सिलीची एक उभी रेघ आखलेली आहे. इमारतीची कड त्या रेघेला जुळेपर्यंत कॅमेरा हळूहळू डावी-उजवीकडे कलवत फिरवायचा. कड जुळली की चित्र जुळलं. कॅमेरा सरळ आहे की नाही ते दाखवणाऱ्या तिपाईवरच्या पाणसळीतलं पाणी कधीच आटून गेलं, पण मला तिची गरज पडत नाही. हातच सांगतो.

आज हाताला जरा जास्त फिरवावं लागलं, पायऱ्या ओबडधोबड असाव्यात. वकीलसाहेब मागून सूचना करत होते, "फक्त आपली इमारत घ्या हं, शेजारच्यांचं काय काम!" तसंच केलं. शेवटी काय सुरेख उभी राहिली! जशी पहिल्या बाकावरची मुलगी कविता म्हणायला उभी राहते, मान ताठ, हात शिवणीला चिकटलेले.

९ तारीख, शनिवार

धाकटीच्या न्हाणीघराची खिडकी घोंगडीने झाकून फोटो धुतले. ट्रेमधलं औषध सारखं एका कडेला जमत होतं, फोटोचा दुसरा कोपरा कोरडा राही. धाकटीने न विचारताच बाहेरून टॉवेलाची घडी आत सरकवली, "एका बाजूखाली घाल. गल्लीच्या." काय हुशार आहे! फरशी बसवणारे पूर्वीपासूनच कामचुकार.

लाल उजेडात कोऱ्या कागदावर हळूहळू इमारत उमटली. धाकटीला आत बोलावलं. ती बराच वेळ बघत राहिली. "किती सरळ दिसते रे," म्हणाली. आवाज कापत होता. माझ्या कलेने तिला इतकं हलवलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

११ तारीख, सोमवार

जिन्यात कुणाशी कुणी बोलत नाही. वकीलसाहेब स्वतःच्या दारात उभे राहून सुनावणीचं भाषण पाठ करतात.

सकाळी धाकटीने विचारलं, "तुझ्याकडे काचेचे तुकडे असतात ना? बोटाएवढी पट्टी कापून दे. आणि तो बारीक ब्रश नि काळी शाई."

"कशाला?"

"फ्रेम नीट करायचीय."

तिच्या नवऱ्याच्या फोटोची असणार, मी पुढे विचारलं नाही. पट्टी कापून कडा घासून दिल्या. बहिणीला उपयोगी पडण्यात काय सुख असतं! ती घेऊन जिन्याकडे गेली, वकीलसाहेबांकडे डिंक मागायला बहुधा.

१४ तारीख, गुरुवार

जिंकलो!

लांब टेबल, पलीकडे मोठे साहेब, बाजूला ती अभियंता बाई, मांडीवर कागद घट्ट धरलेले. तिने मोजमापं वाचली. साहेबांनी दोनदा घड्याळ पाहिलं. मग वकीलसाहेबांनी माझे फोटो एकेक करून असे मांडले, जणू हुकमाचे पत्ते. साहेब पुढे वाकले. "बाई, ही इमारत तर सरळ दिसते."

"सर, माप—"

"आणि तुमची काचेची पट्टी?"

"अखंड आहे, सर. काल पाहिली." तिच्या चेहऱ्यावर काही तरी न समजल्यासारखं होतं.

नोटिशीला सहा महिन्यांची स्थगिती. चष्मेवाल्यांनी वकीलसाहेबांना मिठी मारली, वकीलसाहेबांनी शिपायाला.

बाहेर पडताना तिने मला गाठलं. "काका, फोटो फार छान आहेत. कॅमेरा पाणसळीत होता ना?"

मला राग आला. "बाई, तुमच्या जन्माआधीपासून मी इमारती काढतोय."

"म्हणूनच विचारलं," ती म्हणाली आणि निघून गेली. सगळ्या आनंदात तो एक शब्द खड्यासारखा लागत राहिला.

१७ तारीख, रविवार

घाईत लिहितोय. अक्षर लागलं नाही तर नाही.

आज पुस्तकासाठी चौकाची सबंध ओळ घ्यायची होती. चौकाच्या पार दुसऱ्या टोकाला गेलो, सपाट फरसबंदीवर तिपाई लावली. काळ्या कपड्याखाली शिरलो आणि सवयीने धाकटीच्या इमारतीची कड रेघेला जुळवली. ती सरळ झाली. आणि ओळीतल्या बाकीच्या सगळ्या इमारती डावीकडे कलल्या.

वाटलं, डोळे दगा देतायत. कपडा काढला, तोंड पुसलं, परत शिरलो. उलट फिरवून पाहिलं. बाकीच्या एकेक करून ताठ झाल्या, दिव्याचा खांब ताठ झाला, पलीकडचा मनोरा ताठ झाला. आणि आमची एकटी गल्लीकडे झुकली. काचेवर सगळं उलटं असतं, पण कललेलं ते कललेलंच.

पुन्हा इकडे, पुन्हा तिकडे. एक खरी मानायची तर सगळं शहर खोटं होतं.

लहानपणी आम्ही वृत्त साधायला शब्द ओढून लांब करायचो. गुरुजी वहीवर तांबडी रेघ मारायचे, "बाळ, कानाला बरं वाटतं म्हणून शब्दाचा गळा दाबू नये." मी हाताला बरं वाटतं म्हणून इमारत ओढून सरळ केली. पाणसळ लावली नाही. शेजारपाजार कापून टाकला.

खरा फोटो काढला. कुणाला सांगितलं नाही.

१८ तारीख, सोमवार

धाकटीला सांगितलं. फोटो तिच्या शिवणावर ठेवला. तिने उचलून बघितलाही नाही.

"दादा, तुला काय वाटलं, मला माहीत नाही? चकत्या मी कशाला घातल्या पायांखाली, शोभेला? आधी एक होती. आता तीन आहेत."

मी खाली वाकून बघितलं. तीन होत्या. पहिल्या दिवशीच बघितल्या होत्या मी, आणि मला आई आठवली होती!

"आणि काचेची पट्टी?" मी विचारलं.

"तडकली होती. शनिवारी. मी बदलली." धागा दाताने तोडत ती बोलत होती. "तारीख तुझ्याच ब्रशने घातली. बाईसारखंच अक्षर काढलं, शाळेत माझंच अक्षर चांगलं होतं, आठवतं?"

"अगं, पडेल ही!"

"कधी? उद्या? माझ्यानंतर? मी किती दिवसांची? इथेच राहीन, इथेच जाईन. मी कुणाला बोलावलंय का माझ्याबरोबर मरायला? तू उद्याच्या गाडीने जा."

"तू मला फसवलंस, धाकटे."

"तुला फसवायला काय लागतं, दादा! जरा ऊन तिरपं पडलं की झालं."

मशीन पुन्हा सुरू झाली. एवढी जोरात तिने कधी चालवली नव्हती.

आणि खरं सांगायचं तर तिचं म्हणणं मला पटलं. निदान संध्याकाळी पटलं होतं. मी शब्द दिलाय. बॅग भरली. फोटो तळाशी ठेवला.

१९ तारीख, मंगळवार

निघण्याआधी वरच्या मजल्यावरच्या पोरीने हाक मारली. तिचं बाळ तीन महिन्यांचं. धाकटीला ती मावशी म्हणते, म्हणून मी आपोआप मामा.

"मामा, जाताय म्हणे? आधी आत या, एक गंमत दाखवते. तुमच्या फोटोंमुळे झाली."

गेलो. आतल्या दाराच्या चौकटीलगत छताला नवा हूक, त्याला पाळणा. "हे म्हणत होते, घर सोडायचं झालं तर उगीच कशाला हूक मारायचा. सुनावणी झाली आणि त्याच संध्याकाळी मारला!"

बाळ झोपलं होतं. पाळणा अगदी स्थिर. दोरी वरपासून खालपर्यंत ओळंब्यासारखी सरळ. वर हुकापाशी ती चौकटीला टेकलेली, आणि खाली तिच्यात न् चौकटीत माझा पंजा आरपार मावत होता.

"काय झालं, मामा? आवडला नाही?"

"छान आहे," म्हणालो.

"खिडकीजवळ बांधलाय मुद्दाम. गल्लीतला वारा येतो."

गाडी चुकवली. धाकटीने विचारलं, "गेला नाहीस?" म्हटलं, पाय दुखतायत.

२० तारीख, बुधवार

दिलं.

अभियंता बाईच्या टेबलावर दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवले. चूक सांगितली, काहीही न ओढता-ताणता. काचेच्या पट्टीबद्दल मात्र एवढंच म्हणालो, "ती पुन्हा नीट बघा. शाई ओली करून बघा." कुणी बदलली ते सांगितलं नाही. तिने विचारलंही नाही, माझ्या बोटांवरच्या फोटोच्या औषधाच्या काळ्या डागांकडे एकदा पाहिलं फक्त. धाकटीचा दोष मला लागला तर लागू दे.

"काका, हे मोठ्या साहेबांसमोर लिहून द्याल? लोक तुम्हाला बोलतील."

"बोलायला सुरुवात घरूनच होईल," मी म्हणालो. तिला हसू आलं नाही, मलाही नाही.

परतलो तेव्हा धाकटीने दार उघडलं नाही. मी उचलून ढकललं.

तिला सांगितलं. ती कात्री खाली ठेवून म्हणाली, "शब्द दिला होतास."

२२ तारीख, शुक्रवार

सकाळी पालिकेचे लोक आले. वकीलसाहेब जिन्यात मला आडवे आले. "दादासाहेब, शत्रूने वार केला असता तर समजलो असतो. तुम्ही आमचा चहा प्यायलात." पुढे शब्द सुचेना, त्यांना पहिल्यांदाच. चष्मेवाले चष्मे पेट्यांत भरत होते, मला बघून त्यांनी पाठ फिरवली. वरची पोर बाळाला छातीशी धरून माझ्याकडे न बघता उतरली. तिच्या नवऱ्याच्या हातात सुटा केलेला पाळणा होता.

सगळे उतरले. धाकटी उतरली नाही.

अभियंता बाई खाली उभी. "काका, भिंतीतून आवाज येतोय. मी माणसं वर पाठवणार नाही. तुम्हालाही पाठवू शकत नाही." मी तिचं ऐकलं नाही.

धाकटी मशिनीपुढे बसली होती. मशिनीवर कापड नव्हतं.

"चल."

"तू जा."

मी जमिनीवर बसलो. गुडघे कडकन वाजले. भिंतीत कुठे तरी वाळू सांडल्यासारखा आवाज होत होता, थांबून थांबून.

"हे काय नाटक?"

"नाटक नाही. तू उठेपर्यंत मी बसतो. तू म्हणालीस ना, मी कुणाला बोलावलंय का. मी बिनबोलावता आलोय."

"लहानपणी असंच करायचास. मी रुसले की पायरीवर येऊन बसायचास, वर पुन्हा कविता म्हणायचास."

"म्हणू?"

"खबरदार!"

वाळू पुन्हा सांडली, या वेळी जास्त वेळ. कपाटाचं दार आपोआप उघडलं आणि गल्लीच्या बाजूला लोंबत राहिलं. आम्ही दोघांनी त्याच्याकडे बघितलं. मला भीती वाटत होती, खोटं कशाला लिहू. कवितेची एक ओळ आठवत नव्हती.

"ऊठ, दादा," ती म्हणाली. "तुझ्या डोक्यात वीट पडली तर लोक म्हणतील, बहिणीने मारलं."

"उठता येत नाही. हात दे."

तिने हात दिला. मला उठवण्यासाठी तिला उठावं लागलं. मग तो हात तिने जिन्याच्या शेवटच्या पायरीपर्यंत सोडला नाही. खाली पोहोचल्याबरोबर सोडला.

२९ तारीख, शुक्रवार

पालिकेने सगळ्यांना एका रिकाम्या शाळेत ठेवलं आहे. आम्हाला मिळाला तो तिसरीचा वर्ग. फळ्यावर कुणाचा तरी अर्धवट पुसलेला पाढा. धाकटी बाकांवर कापड अंथरून कापते. माझ्याशी कामापुरतं बोलते: "तो टाका बघ." "तो डबा सरकव." वकीलसाहेब व्हरांड्यातून जाताना मोठ्याने खाकरतात, ते माझ्यासाठी असतं.

इमारत पडलेली नाही.

रोज सकाळी मी चौकात जाऊन बघतो. लाकडी कठडा, लाल पट्ट्या, आत तीच दगडी भिंत, गल्लीकडे मान वाकवून उभी. परवा वारा सुटला होता, तरी नाही. काल चष्मेवाले कठड्यापाशी भेटले. "काय फोटोवाले," म्हणाले, "उभी आहे की अजून. तुमच्यापेक्षा तीच प्रामाणिक निघाली." मनात आलं ते इथे लिहितो, दुसरीकडे कुठे लिहिणार? मनात आलं, पड. एकदाची पड. रिकामीच आहेस, कुणाला लागणार नाही. पड आणि मला सोडव.

चाळीस वर्षं बहीण जिथे राहिली, ते घर पडावं म्हणून मी सकाळी उठून वाट बघतो. असा माणूस मी असेन असं मला कधी वाटलं नव्हतं.

आज परत आलो तेव्हा धाकटी खिडकीशी उभी होती. स्वतःहून बोलली.

"पडली का?"

"नाही."

"बरं झालं," म्हणाली.

"हो, बरं झालं," मी म्हणालो.

माझं खोटं होतं. तिचं मला ठाऊक नाही. तिने पुढे चहा ठेवला, आणि साखर मी किती घेतो ते न विचारताच बरोबर घातली होती.